समुद्राला नेलेला नारळ

अंदमानच्या त्या बेटावर जिकडे पाहावं तिकडे नारळ. झाडावर नारळ, वाळूत नारळ, खडकांच्या फटीत अडकलेले नारळ. आणि आमच्या सहलीतल्या कुसुममावशींच्या पिशवीत पुण्याहून आणलेला आणखी एक!

त्या दिवशी पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत चार तासांची पायपीट होती. चढ आला की साडीवर बूट घातलेल्या मावशी तो नारळ आमच्यापैकी कुणाच्या तरी हातात देत. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलंच, "मावशी, इथलाच एखादा उचलला असता की!"

"समुद्राचाच त्याला द्यायचा? कुणाकडे जाताना असं करतोस का तू?"

माझी आई आमराईवाल्या बहिणीकडे जातानाही आंबेच न्यायची, ते आठवलं. देणं गरज बघून नसतंच मुळी. आपण आलोय, एवढंच ते सांगत असतं.

वळण संपलं आणि समोर निळाशार समुद्र. मावशींचं माहेर कोकणात, समुद्राकाठी. आता तिथे कुणी उरलेलं नाही. त्या गुडघाभर पाण्यात शिरल्या, हळदकुंकू वाहून नारळ सोडला, हात जोडले. पुढच्याच लाटेने तो हेलकावत त्यांच्यापाशी आणून सोडला.

आम्ही हसलो. कुणीतरी म्हणालं, "नको म्हणतोय!"

मावशींनी पदर पसरला आणि नारळ ओटीत घेतला. "माहेरवाशिणीला रिकाम्या ओटीने पाठवतात होय?"

परतीच्या वाटेवर तो नारळ त्यांनी कुणाच्याच हातात दिला नाही.