नंबर टाकलेले दगड

जुना पूल दुरुस्तीसाठी उघडला, की आधी प्रत्येक दगडावर रंगाने नंबर टाकतात. परत लावताना घोळ नको म्हणून. किश्श्यांना मात्र कोणी नंबर टाकत नाही, ते नुसते साचत जातात! पारोळ्याजवळच्या आमच्या दगडी पुलाचे हे काही.

*

अशा पुलाला सिमेंट चालत नाही. चुना लागतो, आणि त्यात गूळ अन् बेलफळाचं पाणी. मी धुळ्याच्या ऑफिसला मागणी पाठवली. स्टोअरकीपरचा लगेच फोन, "साहेब, पूल बांधताय की प्रसाद?"

गूळ आला. दुसऱ्या दिवशी मुंग्याही आल्या. साइटवर सगळ्यात शिस्तीत त्याच काम करत होत्या!

*

आमचे मिस्त्री उस्मानचाचा. दगडावर हातोडी मारायची आणि कान लावायचा, ही त्यांची तपासणी. कमानीतला एक दगड मशीनने पास केला होता. चाचा म्हणाले, "हा आजारी आहे."

मी हट्टाने तोच लावायला सांगितला. उचलताना त्याचे दोन तुकडे झाले. एका मजुराचा पाय थोडक्यात वाचला. चाचांनी एवढंच विचारलं, "रिपोर्टवर सही कोणाची होती, साहेब?"

माझीच होती.

*

कठड्याचा एक दगड मात्र सापडेना. फार पूर्वी पुरात गेलेला. नवा घडवायचं ठरलं, तेवढ्यात गावातल्या सुमनअक्का साइटवर आल्या. "तो मना घर शे."

खरंच त्यांच्या अंगणात होता. लग्न झालं त्या वर्षी नवऱ्याने नदीतून बैलगाडीवर आणून दिलेला, धुण्यासाठी. नवरा आता नाही. मी म्हणालो, "अक्का, राहू द्या. आम्ही दुसरा घडवतो."

त्यांनी दगडावरची साबणाची वडी उचलून घेतली. "लई जा भाऊ. तो पूलनाच शे."

रोजच्या धुण्याने त्याची एक बाजू गुळगुळीत झालेली. ड्रॉइंगप्रमाणे खडबडीत बाजू बाहेर हवी होती. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी ड्रॉइंग गुंडाळून ठेवलं.

पूल सुरू झाला त्या दिवशी अक्का चालत आल्या. त्या दगडावर तळवा टेकवून बराच वेळ उभ्या राहिल्या. आम्ही उगाच नदीकडे बघत होतो.

त्या गेल्यावर तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "हा एकच दगड असा गुळगुळीत कसा?"

चाचा म्हणाले, "साहेब, बाकीचे इथंच बसून होते. हा इतकी वर्षं कामाला गेला होता!"