पिंपाला पांघरूण

रोपवाटिकेच्या मालकांची बायको म्हणजे सगळ्यांच्या काकू. काकूंनी उभ्या संसारात हट्ट असा एकच केला होता: झोपायच्या खोलीतली खिडकीलगतची जागा आपली. ती त्यांनी सासूला दिली नाही, माहेरी आलेल्या लेकीलाही दिली नाही. गेली ती एका पिंपामुळे.

पिंपात जिवाणू होते. नवऱ्याने त्यांची एक बाटली आणून गुळाच्या पाण्यात वाढवली होती. ते पाणी मुळाशी घातलं की रोपं जोमाने वाढत. थंडी पडली, जिवाणू सुस्तावले आणि नवऱ्याने पिंप खिडकीलगत आणून ठेवलं. तोंड प्लॅस्टिकने घट्ट बांधून वर काकूंचं पांघरूण गुंडाळलं. फरशीला फिनेल बंद झालं.

"हळू बोल," ते म्हणाले. "ते कामात आहेत."

काकूंनी भावाला बोलावलं.

"दाजी, एकदाच काय ते सांगा. ताई महत्त्वाची की हे?"

"हे अब्जावधी आहेत हो. ती एकटी. मी काय सांगणार?"

भाऊ चहा पिऊन, कुजबुजत निरोप घेऊन गेला. मग काकूंनी वाटणी मागितली. घरातलं निम्मं माझं, म्हणून पिंपातलंही निम्मं बादल्या भरून नेलं आणि रोपांच्या शेडमध्ये खाट टाकली. शेडमध्ये चांगली ऊब असते, हे नवऱ्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

बादल्यांवर काकूंची काडीची माया नव्हती. झाकण नाही की काही नाही. राग आला की काठीने ढवळायच्या, आणि राग सारखाच यायचा. बादली पायात आली की शेजारच्या रोपांना ओतायच्या.

खाटेभोवतीची मिरचीची रोपं तरारली. पिंपाच्या खालच्या तोटीतल्या पाण्यावर पोसलेली पिवळी पडली. नवऱ्याने प्लॅस्टिक सोडलं, तर असा वास सुटला की ते स्वतःच खोलीबाहेर पळाले. हवेवाचून जिवाणू कधीच गुदमरले होते. पांघरुणात, लाडात.

संध्याकाळी ते वाटी घेऊन शेडच्या दारात उभे राहिले.

"जरा विरजण मिळेल का?"

"देते. आधी माझी जागा."

"दिली. पण यांना इथे एकटं कसं ठेवायचं?"

काकूंनी खाटेकडे बोट दाखवलं.

आता काकू फिनेलने पुसलेल्या खोलीत, खिडकीलगत झोपतात. शेड समोरच आहे. तिथून घोरणं ऐकू आलं, की त्या खिडकीतून डोकं बाहेर काढतात.

"अहो, हळू. ते कामात आहेत."