टिटवी टोळीतला लहानू

वाडीच्या ज्या गोडाऊनात लहानू गजभिये कामाला आहे, तिथं त्याला कुणी आडनावानं ओळखत नाही. दोरवाला लहानूभाऊ म्हटलं की पुरे. ट्रक भरला, वर ताडपत्री चढली, की लहानू खालून दोर फेकतो, ओढतो, गाठ मारतो आणि त्या गाठीवर दोन बोटं ठेवून क्षणभर डोळे मिटतो. "लहानूभाऊची गाठ आहे, आता रायपूरपावेतो मागं पाहाचं काम नाही," असं ड्रायव्हर म्हणतात. तीस वर्षं हेच चाललं आहे. लहानूच्या गाठी दूरदूर जाऊन आल्या, लहानू मात्र कधी रायपूरला गेला नाही. जेवणाच्या सुटीत पोत्यांना टेकून बसला, की त्याला वाटतं, या घडीला कुठल्यातरी अनोळखी गावात आपली एखादी गाठ कुणी सोडत असेल. मग डबा उघडा ठेवून तो तसाच बसून राहतो.

तीन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी तो टेम्पोतून तंबू पोचवायला प्रताप नगरच्या मैदानावर गेला. तिथं वामनराव, पोस्टातून निवृत्त झालेले स्काऊटमास्तर, झेंड्याच्या अडकलेल्या दोराशी झटत होते. लहानूनं दोर सोडवून दिला. टेम्पो निघून गेला, पण लहानू काही निघाला नाही. निळे स्कार्फ घातलेली मुलं गोल करून उभी होती. लहानपणी शेजारच्या मोठ्या शाळेच्या तारेच्या कुंपणातून तो अशाच मुलांना बघत असे. घंटा झाली तरी त्याला भान नसे. आता पन्नाशी उलटली होती आणि मध्ये कुंपण नव्हतं.

"काहून गा, उभा काहून?" वामनराव म्हणाले. "पुढच्या रविवारी ये. पोरायले गाठी शिकव."

तो आला, आणि मग दर रविवारी येऊ लागला.

या हिवाळ्यात वामनरावांच्या गुडघ्यांनी पुरता दगा दिला. ते लहानूला म्हणाले, "नव्या वर्षी शिकलेला स्काऊटमास्तर नसला, तर पथकाची नोंदणी होत नाही. बावीस पोरं घरी बसतील. तू सात दिवसांचं प्रशिक्षण करून घे."

"मी? मले चार माणसांत बोलता येत नाही, मास्तर."

"मग तिथं बोलू नको. शिक."

घरी प्रेमिलानं, त्याच्या बायकोनं, त्याची खाकी पँट दोन बोटांत धरून उजेडात पाहिली. "नातवंडं खेळवाच्या वयात हाफपँट! आता एवढंच पाहाचं राह्यलं होतं." पण इस्त्री तिनंच केली, आणि कडेची घडी अशी पाडली की पाहत राहावं.

शिबिर खाप्याजवळ, कन्हानच्या काठी होतं. पहाटे नदीवर धुकं असे, आणि त्या धुक्यात दोन मुख्याध्यापक, एक बँकेचे साहेब आणि पंधरा-वीस शिक्षक शिट्टी वाजताच पोरांसारखे धावत. सगळ्यांच्या टोळ्या पाडल्या होत्या. लहानूची टोळी टिटवीची होती. हजेरीच्या वेळी टिटवीसारखं ओरडायचं. पहिल्या दिवशी लहानूच्या घशातून आवाजच निघाला नाही. दुसऱ्या दिवशी निघाला, आणि पलीकडच्या वाळूतून खऱ्या टिटवीनं त्याला उत्तर दिलं. सगळे हसले. लहानू हसला नाही. त्याला वाटलं, कुणीतरी फार दिवसांनी आपल्याला हाक मारली.

शिकवायला सुभद्राबाई होत्या, भूगोलाच्या जुन्या शिक्षिका. काटकुळ्या, बोलणं थोडं. चौथ्या दिवशी त्यांनी प्रत्येक टोळीला तंबू उभारायला सांगितला. टिटवी टोळीचा तंबू सगळ्यांत आधी उभा झाला, तोही असा ताठ की वर रुपया टाकला तर उडावा. टोळीतल्या बँकेच्या साहेबांनी लहानूची पाठ थोपटली.

सुभद्राबाईंनी विचारलं, "हा कुणाचा तंबू?"

"टिटवी टोळीचा," सगळे म्हणाले.

"नाही. हा गजभियांचा तंबू आहे. बाकीचे पाच जण सावलीत होते." त्यांनी एकेक दोर शांतपणे सोडला. तंबू खाली बसला. "मोठ्या माणसानं शिबिरात हात मागे घेऊन उभं राहायचं असतं. बाकी सगळं सोपं आहे, अवघड तेवढंच."

सातव्या दिवशी इतरांच्या प्रशिक्षणाच्या कागदांवर सही झाली. लहानूचा कागद बाईंनी आपल्या पिशवीत ठेवला. "पंधरा दिवसांनी तुमच्या पथकाचं शिबिर आहे ना? मी येते. पाहते, मग सही."

पण लहानूला एक गोष्ट माहीत होती, जी बाईंना माहीत नव्हती, वामनरावांना नव्हती, आणि मुलांना तर मुळीच नव्हती. तीन वर्षं मुलं जेवायला गेली, की लहानू त्यांच्या सगळ्या गाठी सोडून पुन्हा मारत असे. तंबूच्या, झेंड्याच्या, बांबूच्या, एकूण एक. ढिली गाठ दिसली की त्याला राहवत नसे. मुलं परत येऊन पाहत आणि म्हणत, "बघा सर, काय टाइट मारली!" मागच्या वर्षी जिल्हा मेळाव्यात त्यांनी बांबूच्या कमानीसाठी पहिली ढाल मिळवली, तेव्हाही हेच झालं होतं.

पथकाचं शिबिरही खाप्याजवळच भरलं, नदीकाठच्या आमराईत. शेवटच्या दिवशी मुलांनी पाहुण्यांसाठी कमान बांधली. बाई पाच वाजता येणार होत्या. चार वाजता मुलं हातपाय धुवायला नदीवर पळाली. कमान जमिनीवर आडवी पडली होती. दुपारचं ऊन पानांतून गळून बांबूंवर हलत होतं. लहानूनं पहिली गाठ चाचपली. ढिली. दुसरी, तीही ढिली. ही उभी केली तर बाईंच्या डोक्यावरच यायची, आणि मग कसली सही न् कसलं पथक.

त्याचे हात आपणहून चालू लागले. पहिली गाठ सोडून त्यानं घट्ट मारली, वर दोन बोटं ठेवली आणि डोळे मिटले.

एरवी डोळे मिटले की त्याला रस्ते दिसत, ढाबे दिसत. आज मुलं दिसली. मोठी झालेली, मिशा फुटलेली. एकेक जण कुठल्यातरी परक्या गावात, काहीतरी वजनदार वर चढवून, दोर ओढून भरवशानं गाठ मारत होता. मग वळून निघून जात होता. आणि मागे ती गाठ हळूहळू, काही आवाज न करता, सुटत होती.

लहानूनं डोळे उघडले. नुकतीच मारलेली गाठ सोडून टाकली आणि शिट्टी वाजवली.

मुलं ओल्या पायांनी धावत आली. लहानू कधी चार वाक्यं सलग बोलला नव्हता. आज त्यानं सगळं सांगितलं, बांबूकडे पाहत.

प्रशिकनं, टोळीनायकानं, विचारलं, "सर, मागच्या वर्षीची ढाल?"

"त्याही गाठी माह्याच होत्या, बाबू."

"मंग आमाले येते काय?"

"माह्या तंबूच्या खुंट्या तरी माह्याच ना?" मागून रोशननं विचारलं.

"खुंट्याही."

"अबे यार!" रोशन असा कळवळून म्हणाला, की दोघं-तिघं हसले आणि मग सगळेच हसले. प्रशिक मात्र हसला नाही. तो कमानीपाशी जाऊन बसला. "शिकवा आता, सर. पण हात नाही लावाचा. तोंडानं सांगा."

हे फार कठीण निघालं. गाठ लहानूच्या हातांना येत होती, जिभेला येत नव्हती. "खालून घे... म्हणजे वरून... अरे, थांब गा..." त्यानं आंब्याला टेकून हात मांडीखाली दाबून ठेवले. मुलं मारत, ओढत, सुटलं की एकमेकांना बोलत, पुन्हा मारत.

सुभद्राबाई आल्या तेव्हा कमान जमिनीवरच होती.

"बाई, जरा थांबा लागते," प्रशिक मान वर न करता म्हणाला. "अजून नाही झाली."

बाई आंब्याच्या मुळावर बसल्या. पाचाचे सहा झाले. नदीवरून गारवा आला. "पायजम्याची नाडी बांधते ना तशी," "नाही गा, उलटी," असे आवाज ऐकता ऐकता लहानूचे डोळे कधी लागले, त्याचं त्याला कळलं नाही. कुणी गाठ मारत असताना तो आयुष्यात पहिल्यांदाच झोपला.

जागा झाला तेव्हा कमान उभी होती. जराशी डावीकडे कललेली, पण उभी. सुभद्राबाईंनी एक बांबू हलवून पाहिला आणि कमानीखालून आत आल्या.

"आज तुम्ही काय केलंत, गजभिये?"

त्यानं बाईंनाही सगळं सांगितलं, ढालीसकट. आपला कागद आता पिशवीतच राहणार, हे समजून त्यानं मान खाली घातली.

बाई पुन्हा आंब्याच्या मुळावर बसल्या. "ढाल परत करावी लागेल. जिल्हा कार्यालयाला पत्र लिहा. त्यावर स्काऊटमास्तरची सही लागते."

"मंग वामनरावायले सांगतो, बाई."

"त्यांची कशाला? तुमची." त्यांनी कागद काढला, गुडघ्यावर ठेवला आणि सही केली.

दिवेलागणीला लहानू वहीचं पान घेऊन कंदिलाजवळ बसला. मुलं खांद्यावरून वाकून पाहत होती.

"सर, 'वापस' नका लिहू. 'परत' लिहा," रोशन म्हणाला.

लहानूनं 'वापस' खोडून 'परत' लिहिलं. खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं, आणि त्याखाली, जरा थांबून, स्काऊटमास्तर. पेन खाली ठेवायच्या आत प्रशिकनं ते घेतलं आणि आपलीही सही ठोकली. मग सगळ्यांनाच करायची होती. जागा पुरेना, तेव्हा शेवटच्या सहा जणांनी पानाच्या मागच्या बाजूला केली.