नानांचा न खोदलेला कोपरा

कोरड्या तळ्यात म्हशी सोडल्या की नाना काठी भेगेत खुपसायचे आणि बाहेर काढून तिचं टोक नाकाशी धरायचे. नेकनूरच्या अलीकडच्या आमच्या लहानशा गावात सगळे त्यांची टर उडवायचे. मीही. एकदा न राहवून विचारलंच, "नाना, वास कशाचा घेताय?" म्हणाले, "वल हाय का बघतो. वर भेगा पडल्या तरी हातभर खाली वल असली की कासव जितं राहतं." तोवर मला वाटायचं, पाणी आटलं की कासवं मरतात, नाहीतर कुठेतरी निघून जातात. शेतकऱ्याच्या पोटी जन्मून पन्नाशी गाठली, पण पायाखाली कोण झोपलंय याचा पत्ता नव्हता!

नाना म्हशी राखणारे, शाळा दोनच यत्ता. पण तळ्याबद्दल काहीही विचारा, उत्तर तयार. फक्त आधी विचारणाऱ्याची फिरकी घ्यायचे.

"पाऊस लांबला तर कासव काय करतं?"

"तू काय करतूस?"

"वाट बघतो."

"मंग? त्येबी बघतंय. तू वरडतूस, ते वरडत न्हाई, येवढाच फरक."

ऊन वाढलं की कासवं आणखी खोल जातात, काळ्या चिकण मातीत तग धरतात आणि मुरमाड भागात भाजून निघतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

गेल्या उन्हाळ्यात गाळ काढायला तळ्यात मशीन आलं. आमच्या हलक्या जमिनींना गाळ हवाच असतो, त्यामुळे ट्रॅक्टरांचे नंबर लागले. माझ्या ट्रॉलीतला गाळ शेतात पडला आणि त्यातून एक जितं कासव निघालं! विहिरीत कासव असलेलं शुभ, पाणीही निवळ राहतं, असं आमच्याकडे म्हणतात. मी मोठ्या भक्तिभावाने ते आमच्या सिमेंटच्या कड्यांच्या विहिरीत सोडलं आणि नानांना सांगायला गेलो. शाबासकी कुठली, म्हातारा भडकलाच! "कशापायी टाकलं रं? पाणी हाय, पर काठ कुठं हाय त्याला? ऊन कुठं खाईल? अंडी कुठं घालंल? पव्हून पव्हून मरंल." मग आम्ही सुकट बांधलेली टोपली विहिरीत सोडून बसलो. तिसऱ्या दिवशी पठ्ठ्या टोपलीत आला. नानांनी त्याला ओल्या पोत्यात गुंडाळलं आणि ते स्वतः तळ्यावर घेऊन गेले.

तळ्याचं पाणी सोडायच्या मोरीजवळच्या कोपऱ्यातला गाळ सगळ्यात चिकण, आणि तो नेमका माझ्या नंबरात आलेला. नाना म्हणाले, एवढा कोपरा सोडा. सरपंच हसले. नाना वाद घालत बसले नाहीत. गुडघे टेकून हाताने माती उकरू लागले. खांद्यापर्यंत हात आत गेला आणि त्यांनी एक कासव वर काढलं. बराच वेळ ते दगडासारखं पडून होतं. मग मातीने माखलेली मान हळूच बाहेर आली. मशीनवाल्याने इंजिन बंद केलं. "अशी लई हायत खाली," नाना म्हणाले आणि ते होतं तसं पुरून टाकलं. कोपरा वाचला. माझा गाळ बुडाला म्हणून मी आठ दिवस नानांशी बोललो नाही. आज त्याची लाज वाटते.

पुढे तळं भरलं. दिवाळीच्या सुमारास नाना बीडला दवाखान्यात होते. भेटायला गेलतो, तर स्वतःच्या दुखण्याचं अवाक्षर नाही. "कोपऱ्यात पाणी किती हाय?" मी म्हणालो, कमरेइतकं. "मंग काठावर अंडी घातली असतील. फुटायला लई महिने लागतेत, पार पुढचा पावसाळा उजाडतो." मी विचारलं, "काठावर कुठं घालतात, नाना?" डोळे मिटून हसले. "घरी आल्यावर दावतो."

ते घरी आलेच नाहीत. खूप रडलो मी, घरच्यांनाही नवल वाटलं.

यंदा तळं पुन्हा आटलं, मशीन पुन्हा आलं. तोच मशीनवाला मला म्हणाला, "भाऊ, म्हातारबा गेले. आता कोपरा घ्यायचा ना? नंबर तुमचाच हाय."

"कोपरा न्हाई. आन् काठालाबी हात लावायचा न्हाई, पार सांडव्यापस्तोर. सरपंचाशी बोललोय मी."

"आख्खा काठ? त्यांनी तर कोपराच सोडा म्हणलं व्हतं."

"अंडी कुठं हायत, ते मला ठावं न्हाई."