मार्चमध्ये टाकलेला प्रकाश

सोडियमचा दिवा तापला की त्याच्या डब्यावरची धूळ जळते, आणि तो वास आला की मी पुन्हा त्या डिसेंबरच्या दुपारी जाऊन बसते. जिथं शिकले त्याच विभागात नुकती शिकवायला लागले होते आणि वीज, चुंबकत्व, प्रकाश या पेपरचा तासांचा आराखडा संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. प्रयोगशाळेच्या अंधाऱ्या खोलीत बसून मी वीज जानेवारीत घातली, चुंबकत्व फेब्रुवारीत, आणि प्रकाश ढकलला मार्चअखेर, कारण तोवर नागपूरचं ऊन वर्ग रिकामे करतं. विद्यार्थिनी असताना प्रकाश मी ऑप्शनला टाकला होता. तो मला येतच नव्हता. तेवढ्यात दिवा पुसणारे जुने अटेंडंट काका कागदावर वाकले. "मॅडम, प्रकाश मार्चमधी काहून टाकून राहिल्या? तवा पोट्टे येतात काय?" प्रात्यक्षिक परीक्षेत सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला हवीत ती प्रकाशाची वलयं मला त्यांनीच गुपचूप लावून दिली होती. मला प्रकाश येत नाही हे आता काका विभागप्रमुखांना सांगणार, या भीतीनं मी कागदावर हात ठेवला. काकांनी दिवा लावला, काळा पडदा ओढला आणि हळूच म्हणाले, "बसा. या टायमाले मी हात नाही लावणार." दिवा गुलाबीचा पिवळा झाला, तरी सूक्ष्मदर्शकात मला नुसता काळोख दिसत होता. वलयं सापडली तेव्हा संध्याकाळ झाली होती. मी प्रकाश जानेवारीत लिहिला. आता नव्यांचे आराखडे माझ्याकडे येतात. मी आधी मार्च बघते, आणि तिथं प्रकाश दिसला की समोरच्याच्या डोळ्यांत बघायचा मला धीर होत नाही; तिथं माझीच तेव्हाची भीती दिसेल.