टोल्याआधी वाजू नये

शिरपूरच्या बाजारात बांगड्या विकणारे चाचा माणसाच्या तोंडाकडे कधी बघत नसत, आधी मनगट बघत. बोलताना शेवटचा शब्द दोनदा म्हणायची त्यांना सवय होती. दुकान आवरलं, की मागच्या मोकळ्या जागेत चाललेला आमचा विटीदांडू बघत उभे राहत.

माझ्या दांडूला विटी लागतच नसे, म्हणून कोणी मला आपल्यात घेत नसे. एक दिवस चाचांनी माझं मनगट दाबून माप घेतलं आणि दोन सैल काचेच्या बांगड्या चढवल्या.

"टोल्याच्या आधी ह्या वाजल्या, म्हंजे तू नुसत्या हातानं मारून राह्यला. पाय रोव, कमर फिरव. हात मागून येते, येते."

पोरं खदाखदा हसली. "बांगड्या भरल्या रे यानं!" मी रडकुंडीला येऊन त्या काढू लागलो.

चाचा कोणावर ओरडले नाहीत. त्यांनी तशाच दोन बांगड्या स्वतःच्या हातात घातल्या, दांडू घेतला, विटी उडवली. टोला बसेपर्यंत काच वाजली नाही. विटी चिंचेपल्याड गेली.

"आता कोणाले भरू, भरू?"

सगळ्यात मोठ्यानं हसलेल्या पोरानंच पहिला हात पुढं केला.

त्या हिवाळ्यात माझी विटीही चिंचेपल्याड गेली.

पुढं माझ्या लेकीनं दांडू मागितला, तेव्हा घरातले सगळे नको म्हणाले. मी चाचांसारखं आधी तिचं मनगट बघितलं. बांगड्या तिच्या हातात होत्याच.