मालनबाईंचं म्हणणं

मखमलाबादच्या मालनबाईंना मी चार वर्षं ओळखत होते, म्हणजे त्यांच्याकडून फुलं घेत होते. गणेशवाडीच्या फूलबाजारात सकाळी साडेसहाला त्या पोतं अंथरून बसलेल्या असायच्या. शेवंती, झेंडू, थोडा गुलाब. पन्नाशी उलटलेली, उंच बाई, आवाज खर्जातला. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाईकाशी त्या वाद घालत नसत, नुसतं फुलांवर ओलं फडकं ओढून घेत. मी त्यांना मावशी म्हणायचे आणि त्या मला मॅडम, कारण मी कॉलेजात इंग्रजी शिकवते हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

मागच्या वर्षी दिवाळी झाल्यावर मला पुण्याच्या एका संस्थेचा फोन आला. त्यांनी ऑनलाइन संवादाचा उपक्रम काढला होता. निरनिराळ्या देशांतली बायका-पुरुष, म्हातारी-तरुण माणसं दर गुरुवारी एकमेकांशी बोलणार होती. घराघरांतला अबोला सुटला तर जगातलं वैरही कमी होईल, असं त्यांचं म्हणणं. नाशिकच्या गटाला दुभाषी हवी होती, आणि शेतीत राबणारी, मोकळं बोलणारी एखादी बाई. दुभाषी व्हायला मी तयार झाले आणि बाईसाठी मालनबाईंचं नाव दिलं.

त्यांनी आधी नकोच म्हटलं. परदेशातल्या लोकांशी आपण काय बोलणार, असं त्यांना वाटत होतं. मी त्यांना गटाचे नियम सांगितले. एकानं तीन मिनिटं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मधे बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. त्या फुलं निवडायच्या थांबल्या.

"मधी कुनीच बोलायचं नाय?"

"कुणीच नाही."

"पुरुषमानसंबी?"

"तेही नाही."

"मंग येते," त्या म्हणाल्या.

घरी त्यांचा नवरा चिमाजी होता, आता फारसा कशात नसलेला, सकाळ-संध्याकाळ देवळाच्या पायरीवर बसणारा. शेती मुलगा ललित बघायचा. ललितची बायको तेजल, त्यांची दोन मुलं. मुलगी दीपमाला निफाडकडे एका खेड्यात दिलेली. ललितनं आडकाठी केली नाही. शेतातलं आवरून जा, एवढंच म्हणाला. संस्थेनं पाठवलेला इंग्रजी फॉर्म मीच मालनबाईंना समजावला. त्यात दोन पानं होती. गिऱ्हाईकं उभी होती, मला तासावर जायचं होतं. "रेकॉर्डिंग करतील, चालेल ना?" एवढंच मी विचारलं. त्यांनी मान हलवली आणि पिशवीवर फॉर्म ठेवून सही केली.

बायकांच्या एका बचत गटाच्या खोलीत लॅपटॉप लावून आम्ही दोघी बसायचो. दर गुरुवारी दुपारी चारला. आमच्या गटात पोर्तुगालचा ज्वाकीम होता, सत्तरी ओलांडलेला, आयुष्यभर ट्राम चालवलेला माणूस. केनियाची वांजिरू होती, बाविशीची, नर्सिंग शिकणारी. सगळ्यांचं बोलणं मी मालनबाईंना मराठीत सांगायचे आणि त्यांचं इंग्रजीत त्या दोघांना.

पहिले तीन गुरुवार त्या शेवंतीबद्दलच बोलल्या. कळी कधी खुडायची, पहाटेच्या दवात हात कसे बधिर होतात. ज्वाकीमला ते आवडायचं. वांजिरूनं एकदा तिच्या आजीचं चहाचं शेत मोबाईल फिरवून दाखवलं, तेव्हा मालनबाई पडद्याच्या इतक्या जवळ गेल्या की तिकडे नुसतं त्यांचं कपाळ दिसत होतं. परत जाताना त्या मला म्हणाल्या की आठवडाभर घरात "जेवायला वाढू का" आणि "पाणी भरलं का" याशिवाय त्यांच्याशी कुणी काही बोलत नाही. तक्रार म्हणून नव्हे, सांगायचं म्हणून सांगितलं.

चौथ्या गुरुवारचा विषय होता, तुमच्या घरात कुणीच न ऐकलेलं तुमचं एक वाक्य. वांजिरू आधी बोलली. नर्सिंगला जायचं म्हणून तिनं बापाशी वर्षभर वाद घातला होता आणि शेवटी त्यानं ऐकलं होतं, म्हणून तिच्याकडे तसं वाक्यच उरलं नव्हतं. ती हसली. मालनबाईंनी तिच्याकडे बघत बोलायला सुरुवात केली.

"माझ्या पोरीलाबी नर्सच व्हायचं होतं. बारावीला चांगले मार्क होते. फॉर्म भरला होता तिनं. तेवढ्यात स्थळ आलं. ललितनं आनलं, माझ्या पोरानं. बैठक बसली, तारीख काढाया लागले. मी सैपाकघराच्या दारात हुबी होते. म्या म्हनलं, थांबा. एकदाच म्हनलं. कुनी रागावलं नाय, कुनी गप बस म्हनलं नाय. ऐकलंच नाय कुनी. ते आपले मांडवाचं बोलत राह्यले. मंग म्या चहा टाकला. पंधरा वर्सं झाली. पोर अजून म्हनती, आई, तू तवा का नाय बोलली."

मी ते इंग्रजीत सांगितलं. त्यांची वेळ अजून संपली नव्हती. त्या पुन्हा बोलल्या.

"ललितचा दोष नाय. तेवीस वर्सांचा होता तो. बापानं त्याला पुढं केलं. त्याला तरी कुनी इचारलं होतं का, तुला काय व्हायचंय?"

ज्वाकीमनं चष्मा काढून ठेवला होता. त्याची पाळी आली तेव्हा त्यानं सांगितलं, की त्याच्या घरी असंच काहीतरी ठरत असताना तो टेबलाशी, ठरवणाऱ्यांत, बसलेला होता. त्याची मुलगी काहीतरी म्हणाली होती आणि त्याला ते ऐकू गेलं नव्हतं, किंवा त्यानं जाऊ दिलं नव्हतं. ती अकरा वर्षं त्याच्याशी बोललेली नाही. मी हे मालनबाईंना सांगितलं. त्यांनी पडद्याकडे पाहून हात जोडले.

त्या दिवशी परतताना त्यांनी मला रिक्षा करू दिली नाही. आम्ही गोदावरीच्या कालव्याकडच्या रस्त्यानं चालत गेलो. त्या त्यांच्या माहेराबद्दल बोलत होत्या, गिरणारेच्या एका विहिरीबद्दल, लहानपणी त्या पोहायच्या त्याबद्दल. त्यांना पोहता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं. घरातही कुणाला माहीत नसावं.

फेब्रुवारीत संस्थेनं प्रचारासाठी छोटे व्हिडिओ काढले. मालनबाईंचा एक मिनिट चाळीस सेकंदांचा होता. वर शीर्षक होतं, "नाशिकच्या शेतकरी आईनं अखेर मौन सोडलं." "आई, तू तवा का नाय बोलली" या वाक्यावर तो संपत होता. ललितचा दोष नाही, हा भाग त्यात नव्हता. मला तो संस्थेकडून आला तेव्हा मी अर्धाच पाहिला. पेपर तपासत होते. छान झालाय, असं मी उत्तर पाठवलं.

तीन दिवसांत तो मखमलाबादच्या ग्रुपवर आला, मग त्यांच्या भावकीच्या ग्रुपवर. ललितला तो औषधाच्या दुकानात कुणीतरी स्वतःच्या मोबाईलवर दाखवला. दुकानात पाच-सहा जण उभे होते. तो फवारणीचं औषध न घेताच घरी आला. पुढचं मला मालनबाईंनी सांगितलं. तो ओरडला नाही. ओट्यावर बसला आणि म्हणाला, "जे सांगायचं होतं ते मला सांगायचं. जगाला कशाला सांगितलं?"

"तुला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "तू मांडववाल्याशी बोलत होता."

त्यानंतर तो त्यांच्याशी बोलायचा थांबला. त्यांनी पुढचं सगळं सांगायचा प्रयत्न केला, की मी तुझ्या बाजूनंही बोलले होते. पण ते व्हिडिओत नव्हतं, आणि व्हिडिओ गावानं पाहिला होता.

दीपमालाचा फोन चौथ्या दिवशी आला. तिच्या सासरीही व्हिडिओ पोचला होता. सासू म्हणाली होती, म्हणजे तुझ्या आईला आमचं घर कधी नकोच होतं. नवरा काही म्हणाला नव्हता, पण तिचा मोबाईल आता त्याच्याकडे असायचा. ती शेजारणीच्या फोनवरून बोलत होती.

"खरंच म्हणाली होतीस का गं, थांबा?"

"म्हनले होते."

दीपमालानं आवाज खाली आणला. मग म्हणाली, "मग आता कशाला सांगितलंस, आई? मला इथंच राहायचंय."

हे मला सांगताना मालनबाई शेवंतीच्या वाफ्यात वाकलेल्या होत्या. त्यांनी खुडणं थांबवलं नाही.

मी संस्थेला लिहिलं. व्हिडिओ काढा, निदान कापलेला भाग जोडा. त्यांनी दिलगिरी कळवली, पण संमतिपत्रावर सही असल्याचीही आठवण करून दिली. रेकॉर्डिंगचा हवा तो भाग प्रचारासाठी वापरता येईल, असं दुसऱ्या पानावर, चौथ्या कलमात होतं. मी ते तेव्हा वाचून दाखवलं नव्हतं. व्हिडिओ काढायला त्यांना नऊ दिवस लागले. तोवर तो इतक्या फोनमध्ये गेला होता की काढला काय अन् ठेवला काय. त्याच पत्रात त्यांनी लिहिलं होतं, की मालनबाईंचा व्हिडिओ सर्वांत जास्त पाहिला गेला आहे आणि समारोपाच्या कार्यक्रमात त्यांनी दोन शब्द बोलावेत.

मी मखमलाबादला जाऊन ललितची माफी मागितली. चूक माझी आहे, फॉर्म मी नीट सांगितला नाही, असं म्हटलं. तो नम्रपणे ऐकत होता. "मॅडम, तुमचं काय चुकलं," म्हणाला. "बोलली तर तीच ना." संस्थेकडून मागवलेलं मूळ रेकॉर्डिंग त्याला दाखवायला मी लॅपटॉप उघडला. त्याच्याबद्दलचं वाक्य ऐकल्यावर तो लगेच उठला आणि मोटार बंद करायची राहिली म्हणून बाहेर गेला. परत आला नाही. तेजलनं मला चहा दिला, तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

मालनबाईंनी एक शेवटचा प्रयत्न केला. होळीनंतरच्या एका दुपारी, जेवणं झाल्यावर, त्यांनी ललितला आणि चिमाजींना ओट्यावर बसवलं. नातीच्या मोबाईलवर तीन मिनिटांचा गजर लावला. आधी ललितनं बोलायचं, काय वाटेल ते, शिव्या दिल्या तरी चालतील, मी मधी बोलणार नाय, असं त्यांनी सांगितलं. ललित बसला. जमिनीकडे बघत राहिला. एकदा त्यानं तोंड उघडलं, असं मालनबाईंना वाटलं. तेवढ्यात चिमाजी म्हणाले, "जे झालं ते झालं, आता काय त्याचं." ललितनं तोंड मिटलं. गजर वाजला तेव्हा त्यानं चप्पल घातली आणि शेताकडे गेला. चिमाजी देवळाकडे गेले. मालनबाईंची पाळी आलीच नाही.

समारोपाला त्या गेल्या नाहीत. मी एकटीच खोलीत लॅपटॉप लावून बसले. एकेक देश पडद्यावर येत होता, लोक हात हलवत होते, संस्थेच्या बाईंनी जग एक होत असल्याबद्दल सगळ्यांचं अभिनंदन केलं. शेवटी ज्वाकीमनं मला वेगळं थांबवून घेतलं. तो म्हणाला, त्या गुरुवारनंतर त्यानं मुलीला पत्र लिहिलं होतं. फोन नाही, पत्र. ती एका रविवारी आली आणि दोघं दोन तास स्वयंपाकघरात बसले. सगळं मिटलं नाही, पण ती पुन्हा येणार आहे. हे त्या फुलंवाल्या बाईंना नक्की सांगा, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याला मालनबाईंच्या घरचं काहीच ठाऊक नव्हतं, आणि मी सांगितलं नाही.

ते सांगायला मी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी मखमलाबादला गेले. आखाजीला लेकी माहेरी येतात. शेजारच्या अंगणात झोका बांधलेला होता, त्यावर दोघी-तिघी बसलेल्या. दीपमाला आली नव्हती. मालनबाई गोठ्यापाशी काम करत होत्या. मी त्यांना ज्वाकीमचं सगळं सांगितलं, पत्र, रविवार, दोन तास. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"बरं झालं त्याचं," त्या म्हणाल्या. "पोर किती वर्सांची?"

मी म्हटलं, चाळीस-बेचाळीसची असेल.

त्यांनी मान हलवली. मग हात धुऊन माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, आता येत नका जाऊ. तुमच्यावर राग नाय. तुम्ही आला की ललित त्या दिवशी जेवत नाय."

मी बरं म्हटलं. त्या मला फाटकापर्यंत सोडायला आल्या नाहीत. ओट्यावरून तेजल बघत होती, तिनं धाकट्याला आत बोलावून घेतलं.

फूलबाजारात आता तेजल बसते. मालनबाई शेतातच असतात, बाजारात आल्या की बायका व्हिडिओचं विचारतात म्हणून. मी अजून तिथूनच फुलं घेते. तेजल पुडी बांधते, माझ्या हातात देते आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळते. एकदा मी तिला विचारलं, मावशी कशा आहेत. "बऱ्या हायेत," ती म्हणाली. "बोलत नाय फारसं." मग तिनं फुलांवर पाणी शिंपडलं आणि मी बाजूला झाले.